हेलिकॉप्टरचा कौल

हेलिकॉप्टर विकत घ्यायचं ठरलं, तेव्हा आमच्या संस्थेत साहेब सोडले तर कुणाकडेही चारचाकी नव्हती. साहेबांची होती, पण ती बहुतेक वेळ कापूरहोळला माझ्या चाचांच्या गॅरेजमध्ये विटांवर उभी असायची. अशा लोकांनी एकदम आकाशाला हात घालावा हे मला तेव्हाही जरा अतीच वाटलं होतं. पण एकदा निधी मंजूर झाला की माणसाला आपली उंची आठवत नाही.

हे माणसं बसायचं हेलिकॉप्टर नव्हतं, हे आधीच सांगतो, कारण परवानगी मागताना पोलिसांनाही तेच आधी सांगावं लागलं होतं. जमिनीवर उभं राहून, हातातल्या डब्याच्या दोन दांड्या हलवून उडवायचं. आकाराने म्हणाल तर चांगल्या पोसलेल्या शेळीएवढं. सन दोन हजारनंतरची ती पहिली दोन-तीन वर्षं. मोबाईल नुकते आले होते, आणि ड्रोन हा शब्द लग्नाच्या फोटोग्राफरांपर्यंत पोचायला अजून पुष्कळ अवकाश होता.

संस्था पुण्यातली, जमीन आणि पाणी मोजणारी. मी तिथे इलेक्ट्रॉनिक्सची कामं बघायचो. माझं घर भोरचं, त्यामुळे कात्रजच्या बोगद्यापलीकडचं काहीही निघालं की ते माझ्या गळ्यात पडायचं, जणू ते डोंगर मीच तिथे नेऊन ठेवले होते.

वेल्हे तालुक्यात, पानशेतच्या पाण्यापासून बरीच आत, डोंगराच्या पोटाशी एक वाडी होती. दहा-बारा घरं. आदल्या पावसाळ्यात वाडीच्या डोक्यावरच्या उतारावर लांब भेग पडली, बैलाचा पाय जाईल एवढी रुंद. प्रश्न साधा होता. हा डोंगर खाली येणार की नाही? येणार असेल तर पुढच्या पावसाआधी वाडी उठवायला हवी होती. भेगेखालचा उतार इतका उभा आणि भुसभुशीत, की तिथे माणूस पाठवायला कुणी धजेना. म्हणून साहेबांनी उपाय काढला. उष्णता टिपणारा कॅमेरा हेलिकॉप्टरच्या पोटाला बांधायचा आणि डोंगरासमोरून फिरवायचा. जिथे आत पाणी मुरतंय तिथली जमीन गार असते, ती या कॅमेऱ्यात निळी दिसते. निळं भेगेपाशीच थांबलं असेल तर ठीक, पण ते घरांकडे उतरत आलं असेल तर धोका.

डोंगराला अगदी पाठ लावून होतं ते घर एका वहिनींचं. आम्ही गेलो की तिथेच उतरायचो. वाडीतलं स्लॅबचं असं ते एकमेव घर. नवरा पानशेतला एका हॉटेलात आचारी, सुट्टी मिळाली की यायचा, त्यामुळे घर बांधलं ते वहिनींनीच. एका वर्षी पाया, दोन वर्षांनी भिंती, मग कितीतरी वर्षं नुसत्या भिंती आणि वर ताडपत्री. वाळू खालच्या रस्त्यापासून डोक्यावर आणलेली. स्लॅब टाकली त्याच वर्षी डोंगराला भेग पडली.

पहिल्या भेटीत मी जरा खवचटपणे त्यांना विचारलं, की वाडीत तुम्ही कौल लावता ना, मग देवीलाच का नाही विचारून टाकत? कौल म्हणजे देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी कळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आमच्या भोरच्या मोहल्ल्यातसुद्धा शेजारच्यांचं लग्न कुठल्या कौलावर ठरलं याची खबर असायची.

"कौल घेतला की मानावा लागतो, भाई," वहिनी म्हणाल्या. "न्हाई मानला तर वाडीला भोगावं लागतं. म्हून कुनी इचारीनाच. तुमच्या मशिनचं तसं न्हाई. पटलं तर घ्यायचं, न्हाईतर सोडून द्यायचं."

सरकारही अहवाल याच कारणासाठी मागवतं, हे कळायला मला पुढे बरीच नोकरी करावी लागली.

हेलिकॉप्टर निवडायला समिती नेमली गेली. समोर तीन हेलिकॉप्टरं होती, म्हणजे त्यांची रंगीत माहितीपत्रकं होती. एक बॅटरीवरचं. आवाज नाही, धूर नाही, आणि वर पोचलं न पोचलं तोच परतायची वेळ. दुसरं हौशी लोकांचं. त्याला एक खास इंधन लागायचं, ते मुंबईत मिळायचं, तेही दुकानदाराच्या मर्जीवर. तिसरं पेट्रोलवरचं. दांडगं, जड, आणि सुरू झालं की शेजारच्या माणसाशी हातवारे करून बोलावं लागेल असं. मला तिसरं हवं होतं. साहेबांना पहिलं, कारण त्याच्या पत्रकात मागे बर्फाचा डोंगर होता.

खरं तर निवडण्यासारखं काही नव्हतंच. ओझं किती हे ठरलं की हेलिकॉप्टर आपोआप ठरतं. आधी सामान बघावं आणि मग टेम्पो सांगावा, हे घर बदलणाऱ्या कुणालाही कळतं. पण आमचं सामानच ठरेना. कॅमेरा दीडेक किलोचा होता. पहिल्या बैठकीत त्याला एक साधा कॅमेरा जोडला गेला, तुलनेला. पुढच्या बैठकीत एका वयस्कर सदस्यांनी "एवढं वर जातंच आहे तर" असं म्हणून हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र सुचवलं. त्यानंतर प्रत्येक बैठक याच वाक्याने सुरू व्हायची. एवढं वर जातंच आहे तर वारा मोजायची पंखी लावू. ती पंखी हेलिकॉप्टरच्याच पात्यांचा वारा मोजत बसली असती, पण हे सांगणारा मी एकटाच आणि वयाने सगळ्यांत लहान. नाकापेक्षा मोती जड होतोय, मी म्हणालो. साहेबांनी हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नका अशी सूचना दिली. मग माझा तोल गेला, आणि मी म्हणालो की एवढं वर जातंच आहे तर एखादा सदस्यच बसवू, सगळं बघून येईल. दोघांनी माहितीपत्रक उलटून पाहिलं.

शेवटी पेट्रोलचं ठरलं. पण कसं, ते सांगितलं पाहिजे. पात्यांची लांबी, इंजिनाची ताकद, उन्हात विरळ होणारी हवा, हे सगळं मी तक्ते करून मांडलं तेव्हा कुणी मान वर केली नाही. जाता जाता मी म्हणालो, "आणि पेट्रोल काय, वाटेतच पंपावर मिळतं." एकदम सगळ्यांचे चेहरे उजळले. ज्या मुद्द्यासाठी कुणालाच नवं काही शिकावं लागत नाही, तो मुद्दा समितीत हमखास पास होतो.

चाचणी पुण्याबाहेरच्या एका माळावर झाली, हिवाळ्यात, सकाळी. खरा कॅमेरा टांगायची कुणाची छाती नव्हती, म्हणून तेवढ्या वजनाचं काहीतरी आणायचं ठरलं. मी घरून तांदूळ आणला. भोरजवळच्या उत्रोलीचा, नव्या भाताचा, आईने पिशवीत घालून वर गाठ मारून दिलेला. हेलिकॉप्टर उडवायला मिळाले होते पुण्यातले एक दातांचे डॉक्टर. मॉडेल उडवण्याचा छंद असलेला एवढा एकच माणूस आम्हाला फुकट येणार होता. हेलिकॉप्टर सुरू करताना तेही सवयीने "काही होणार नाही, एक मिनिट फक्त" असं म्हणायचे. तांदूळ वर गेला, माळावर एक फेरी मारून सुखरूप खाली आला. थंड हवेत उचललंय, मेच्या उन्हात उचलेलच असं नाही, हे मी सांगितलं. इतिवृत्तात "हवामान अनुकूल" एवढं आलं. तांदूळ साहेब घरी घेऊन गेले.

एक अडचण उरली. पेट्रोलचं इंजिन थडथडतं, आणि त्या हादऱ्यांनी कॅमेऱ्यात सगळं फिसकटून दिसायचं. मी ते धूड चाचांकडे नेलं. चाचांनी आधी त्याला हॉर्न कुठे आहे हे विचारलं. मग जुन्या स्कूटरच्या रबरी गोट्या कॅमेरा आणि सांगाडा यांच्यामध्ये बसवून दिल्या. हादरे निम्मे गेले, निम्मे राहिले. चाचांनी ते यश मानलं, आणि आमच्या पदरात तोवर त्याहून मोठं यश नव्हतंही.

मेच्या अखेरीस आम्ही वाडीत पोचलो. वाडीत सपाट अशी जागा एकच, देवीच्या देवळासमोरचं अंगण. देऊळ म्हणजे चार खांब, वर पत्रा, मध्ये शेंदूर लावलेली देवी. हेलिकॉप्टर तिथे ठेवलं. सगळी वाडी जमली. डॉक्टरांनी इंजिन सुरू केलं, ते गरजलं, धुळीचा लोट उठला, आणि यंत्र गुडघ्याएवढं उचलून पुन्हा खाली बसलं. दुसऱ्यांदा तेवढंही उठलं नाही. ऊन रणरणत होतं, आणि पोटाखाली समितीचं सगळं रुखवत टांगलेलं होतं.

"दमलंय जनू," वहिनी म्हणाल्या.

मी पाना मागवला. वाऱ्याची पंखी काढली, दमटपणाचं यंत्र काढलं, तुलनेचा कॅमेरा काढला. समितीने महिनोन्महिने खपून जे चढवलं होतं ते आम्ही चहाला उकळी येईपर्यंत उतरवून ठेवलं. साहेब डोंगराकडे बघत उभे होते, म्हणजे त्यांनी हे पाहिलं नाही असं नंतर म्हणता येईल. ऊन कलल्यावर पुन्हा प्रयत्न केला, नुसता एक कॅमेरा घेऊन. आणि ते गेलं! डोंगराच्या तोंडासमोरून, भेगेखालून, डावीकडून उजवीकडे, सरळ रेघेत. बायका ओरडल्या, म्हातारे टाळ्या वाजवायला लागले. एवढ्या चेष्टा करूनही मला ते यंत्र मनापासून आवडत होतं, हे मला तेव्हा कळलं.

चित्रं मी वहिनींच्या स्वयंपाकघरात लॅपटॉपवर पाहिली, कारण वाडीत प्लगचा खटका चालू असलेलं घर तेवढंच. बरीचशी फिसकटलेली होती. काही मात्र लख्ख होती. वहिनी भाकरी टाकायची सोडून माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ह्यो लाल चौकोन कसला?"

"ही तुमची स्लॅब. दिवसभर तापलीय म्हणून लाल."

त्यांचा चेहरा खुलला. वरून दिसणारं आपलं घर त्या पहिल्यांदाच बघत होत्या, आणि सगळ्या वाडीत तेच उठून दिसत होतं. मग त्यांचं बोट वर सरकलं. भेगेपासून एक निळा पट्टा खाली येत होता. मध्ये एके ठिकाणी बारीक झाला होता, पुन्हा रुंद झाला होता, आणि लाल चौकोनाच्या मागच्या कडेला येऊन टेकला होता.

"आन ह्ये निळं म्हंजी पानी?"

"ओल. बहुतेक."

"माज्या चुलीमागं?"

मी हो म्हणालो. डोंगर येणार का, हे त्यांनी विचारलं. येऊ शकतो, मी म्हणालो, मी असतो तर राहिलो नसतो. नक्की का, त्यांनी विचारलं. नक्की नाही, मी म्हणालो. तव्यावरची भाकरी करपली. त्यांनी ती काढली आणि दुसरी टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळासमोर साहेबांनी वाडीला निष्कर्ष सांगितला. उताराच्या काही भागात ओलावा आढळला आहे. धोका आहे असं म्हणता येत नाही, नाही असंही म्हणता येत नाही. पुढील अभ्यास आवश्यक आहे. साहेब वाईट नव्हते. घरं उठवा म्हटलं आणि डोंगर पडला नाही तर त्यांची मान जाणार होती, नका उठवू म्हटलं आणि पडला तर त्याहून जास्त. मला मात्र एवढा संताप आला की मी हातातला पाना अंगणात टाकला. वाडीतल्या पुरुषांना उलट हायसं वाटलं. मशिनने काही सांगितलं नाही, म्हणजे जायला नको. नाचणीचं, भाताचं रोप टाकायचे दिवस आले होते, आणि घर सोडून खालच्या गायरानात पत्र्याखाली राहायची हौस कुणाला असणार.

तेव्हा वहिनी उठल्या आणि गुरवाला म्हणाल्या, "कौल लावा."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ज्यांचं घर सगळ्यांत मोठं त्याच विचारतायत म्हटल्यावर कुणाला नको म्हणता येईना. त्या एकट्या गेल्या असत्या तर दीर, सासरे, सगळी वाडी तिथेच राहिली असती. त्यांना सगळ्यांना घेऊन जायचं होतं.

गुरवाने अंघोळ केली, कण्हेरीच्या दोन कळ्या ओल्या करून देवीच्या दोन खांद्यांना लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. वाडी सोडून खाली जावं असं असंल तर उजवी दे, हितंच ऱ्हावं असंल तर डावी दे. सगळे हात जोडून बसले. साहेबही बूट काढून बसले. मीही बसलो, जरा मागे.

कळ्या पडेनात. वाट बघून बघून लोकांचे पाय अवघडले, कुणी कुणी उठून तंबाखू मळून आलं. शेंदराचा हात नुकताच दिलेला असावा, कळ्या अशा चिकटल्या होत्या की हलत नव्हत्या. "देवी इचार करतीया," गुरव म्हणाला. पुढील अभ्यास आवश्यक, मी मनात म्हणालो, आणि मला हसूही आलं आणि भीतीही वाटली. आज काहीच झालं नाही तर ही सगळी माणसं उठून आपापल्या घरी जाणार होती, त्या निळ्या पट्ट्याखाली.

हेलिकॉप्टर अंगणातच होतं, देवीच्या उजव्या हाताला, परतीसाठी झाकून ठेवलेलं. वहिनींनी कळ्यांकडे पाहिलं, हेलिकॉप्टरकडे पाहिलं. मग त्या सगळ्यांच्या देखत उठल्या आणि दातांच्या डॉक्टरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"डाक्टर, जरा चालू करा वं त्ये. आमच्या देवीनं अजून नीट बगितलं न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि यंत्रावरचं कापड ओढून काढलं. साहेब म्हणाले, "अहो, हे काय..." पण पुढचं कुणाला ऐकू आलं नाही, कारण इंजिन गरजलं. यंत्र छातीएवढं उचललं, तिथेच थरथरत राहिलं. पत्रा खडखडला, पदर उडाले, समई विझली, आणि उजवी कळी खांद्यावरून सुटून देवीच्या पायाशी पडली. डावी तशीच चिकटून होती.

"उजवा!" गुरव ओरडला.

इंजिन थांबल्यावर एक म्हातारा एवढंच म्हणाला, की वारा मशिनचा होता.

"वारा मशिनचा आसू दे, न्हाईतर आभाळाचा," गुरव म्हणाला. "कळी कुनाची?"

त्यावर वाद संपला. अहवालात साहेबांनी लिहिलं, की स्थलांतराबाबत स्थानिक पातळीवर सहमती साधण्यात यश आलं.

पावसाआधी वाडी खाली रस्त्याकडेच्या गायरानात आली. बायकांनी कौलं उतरवून आणली, पुरुषांनी वासे. वहिनींनी दारं, खिडक्या, चौकटी काढून आणल्या. स्लॅब तिथेच राहिली.

डोंगर त्या वर्षी पडला नाही. पुढच्या वर्षीही नाही. हेलिकॉप्टर साहेबांच्या खोलीबाहेर काचेच्या कपाटात गेलं, पाहुण्यांना दाखवायला. काही वर्षांनी मी वेल्ह्याला दुसऱ्या कामाने गेलो तेव्हा वाट वाकडी करून गायरानात थांबलो. वहिनी पत्र्याच्या शेडसमोर भात पाखडत होत्या. पत्रा तापला होता, आत बसवत नव्हतं. दिवसा सगळे वरच्या खाचरांत जातात आणि संध्याकाळी खाली येतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्या घरात आता लोकांची गुरं बांधतात. पावसाळ्यात मात्र कुणी बांधत नाही, त्याच बांधू देत नाहीत.

"कुणी बोलतं का तुम्हाला?" मी विचारलं.

"मला कशाला बोलत्याल? देवीनं सांगितलं नव्हं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "पर मी काय केलं त्ये मला ठावं हाय की, भाई. लई पाऊस लागला की मी हितं उबी ऱ्हाऊन वर बगती. पडायचा आसंल, तर पडू दे एकदाचा, आसं वाटतं. माजंच घर हाय त्ये, माज्या डोक्यावरनं वाळू आनलीया, आन मीच म्हनती पडू दे. लाज वाटती."

त्यांनी कोरा चहा केला, मी प्यायलो. निघताना त्या गाडीपर्यंत आल्या.

"त्ये मशिन हाय का अजून?"

आहे, मी म्हणालो.

"मग आना की येकदा. त्ये निळं तितंच हाय का बगा." त्यांनी वर डोंगराकडे पाहिलं. "आन गेलं आसंल, तर मातुर मला सांगू नका."